शार्कचे दात वेचायला व्हेनिस बरं की कॅल्व्हर्ट?

आमच्या न्यू जर्सीच्या घरात टीव्हीशेजारी लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. तळाशी दोन बोटं काळे दात, आणि वर कापसात गुंडाळलेला एकच राखाडी दात. खालचे सगळे फ्लोरिडातल्या व्हेनिसचे, तीन दिवस सकाळी-सकाळी वेचलेले. वरचा मेरीलँडच्या कॅल्व्हर्टचा, चौथ्या खेपेला मिळालेला. कुठे जावं असं कुणी विचारलं की मी आधी ही बरणी पुढे करतो. अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.

उरलेल्या अर्ध्यांसाठी हे लिहितोय.

मालवणकडची मोरी किंवा मुंबईची मुशी खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: शार्कला हाड नसतं, असते ती कूर्चा. ती कुजून जाते. उरतात दात, आणि एकेक शार्क ते आयुष्यभर हजारोंनी पाडत असतो. समुद्रतळाच्या गाळात पुरलेला दात तिथली खनिजं शोषून घेतो आणि काळा, राखाडी नाहीतर तपकिरी होतो. पांढराशुभ्र सापडला तर तो अलीकडचा समजा. आपल्या कोकणात का नाही मिळत, असं बाबांनी विचारलं होतं. कोकणचा किनारा मुख्यतः लाव्हाच्या कातळाचा आणि जांभ्याचा. दात जपून ठेवायला समुद्री गाळाचे जाड थर लागतात. ते अमेरिकेच्या पूर्वेला आणि फ्लोरिडात भरपूर आहेत.

दोन्हीकडचे दात येतात कुठून, यातच सगळा फरक आहे. व्हेनिसला दातांचा थर किनाऱ्यापासून जरा आत, पाण्याखाली आहे. लाटा तो उकरतात आणि माल आणून दारात टाकतात. हजारो वर्षं घोळून घोळून आलेले हे दात गुळगुळीत, झिजलेले, बहुतेक करंगळीच्या नखाएवढे. कॅल्व्हर्टला तो थर उभा आहे, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठाला मैलोगणती पसरलेल्या मातकट कड्यांच्या रूपात. त्यातला गाळ मायोसीन काळातला, साधारण ८० लाख ते १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. पाऊस, थंडी आणि लाटांनी कडा ढासळतो आणि दात खाली येतो. म्हणून तिथे कमी मिळतात, पण मिळतो तो पुष्कळदा धारदार, कोरा वाटावा असा.

व्हेनिस स्वतःला जगातली शार्कच्या दातांची राजधानी म्हणवून घेतं. एरवी अशा बिरुदांना मी हसतो, पण इथे रिकाम्या हाताने परतणं खरंच कठीण आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा आम्ही कॅस्पर्सन बीचवर गेलो. तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या जाळीदार टोपलीने तळाची खडी उपसतात. या टोपलीला गमतीने ‘फ्लोरिडाचं बर्फाचं फावडं’ म्हणतात. फेब्रुवारीत न्यू जर्सीहून गेलेल्या माणसाला हा विनोद जरा जास्तच भिडतो. ती दुकानात भाड्याने मिळते. मी आणि मुलगा उपसून आणायचो आणि आईच्या पुढ्यात ओतायचो.

आई पाण्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेली, मांडीवर घरून आणलेली पिठाची चाळण. पहिली दहा मिनिटं तिने नुसते शिंपल्यांचे काळे तुकडे वेचले. मग एक खरा दात हाताला लागला आणि तिला खूण सापडली. शिंपल्याचा काळा निस्तेज असतो, दाताचा काळा तुकतुकीत, आणि मुळाकडे इंग्रजी व्हीसारखी फाकलेली खाच. त्यानंतर तिचा हात तांदूळ निवडावेत तसा चालायला लागला, नजर भलतीकडे आणि बोटं बरोबर दातावर. दुपारपर्यंत तिचे ६४ झाले होते, माझे ११. गुडघेदुखीमुळे जिला आम्ही कुठेच न्यायचं टाळत होतो, तिच्यामुळे बरणीचा तळ झाकला गेला.

व्हेनिसच्या अडचणीही सांगतो. मेगॅलोडॉनचा, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा, अख्खा दात वाळूत सापडेल या आशेवर जाऊ नका. ते मोठे दात पाणबुडे बोटीने जाऊन पंचवीस-तीस फूट खोलीवरून काढतात, आणि त्याच्या सफरी वेगळ्या असतात. उन्हाळ्यात उथळ पाण्यात शेपटीने डंख मारणारे पाकट मासे असतात. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाललं की ते आधीच सरकतात. लाल शेवाळाची साथ, म्हणजे रेड टाइड, आली असेल तर किनाऱ्यावर नुसता खोकला. किनाऱ्याची धूप भरून काढायला बाहेरची वाळू टाकली की काही दिवस दात खाली गाडले जातात. २०२४ च्या हेलीन आणि मिल्टन वादळांनी या किनाऱ्याला चांगलंच झोडपलं, त्यामुळे कुठला बीच उघडा आहे ते निघण्याआधी बघा. आणि चौघांचं विमानाचं भाडं, ते तुमचं तुम्ही जोडा. कायद्याचं एक लक्षात ठेवा: फ्लोरिडात शार्कच्या दातांना परवाना लागत नाही, पण सरकारी जागेवरून बाकी पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे जीवाश्म उचलायला लागतो. समुद्रगाईच्या बरगडीचा काळा, जड तुकडा मोहात पाडेल, तेव्हा हे आठवावं.

आता कॅल्व्हर्ट. वॉशिंग्टनकडे राहणाऱ्यांना तासा-सव्वा तासाचा रस्ता, न्यू जर्सीतल्या आम्हा एडिसनवाल्यांना चार तास. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये गाडी लावून जंगलातून १.८ मैल चालायचं, तेव्हा कुठे पाणी दिसतं, आणि तेवढंच परत. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी जागा भरली की फाटक बंद होतं. वाटेत गोचीड, जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात डंख मारणारे जेलीफिश. कड्याखाली जायला मनाई आहे आणि कडा खणायलाही. ही मनाई कागदावर सोडून देण्यातली नाही, दरड खरोखर कोसळते. सासू-सासरे बरोबर असतील तर फ्लॅग पॉन्ड्स बरं, तिथे चाल अर्ध्या मैलाची आहे. इतर बरेच किनारे खाजगी किंवा हंगामात फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असतात.

माझ्या पहिल्या तीन खेपा माझ्याच अडाणीपणामुळे वाया गेल्या. रत्नागिरीकडचा माणूस ओहोटी म्हटली की समुद्र दूरवर मागे सरकणार असं धरून चालतो. इथे फरक फूट-दीड फुटाचा. त्यामुळे भरतीच्या वेळी पोहोचलो तर काय बिघडलं, असा माझा हिशेब. बिघडतं ते असं की खडीचा जो एवढासा पट्टा ओहोटीत उघडा पडतो, सगळे दात तिथेच असतात. ओहोटीइतकाच वारा बघावा लागतो. हिवाळ्यात दोन दिवस वायव्येकडून जोराचा वारा वाहिला की तो उपसागराचं पाणी बाहेर ढकलतो आणि एरवी न दिसणारी जमीन दिसते.

चौथ्या वेळी असाच वारा होता, फेब्रुवारीचा मंगळवार, किनाऱ्यावर मी आणि कुत्रं फिरवणारी एक बाई. दोन तासांत बारीकसारीक सात-आठ मिळाले. मग ओल्या खडीत एक राखाडी टोक उभं दिसलं. उपसलं तर अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं. दोन्ही कडांना करवतीसारखे जाड दाते, पण टोकाजवळ येऊन ते संपतात आणि टोक साधं राहतं. हेमिप्रिस्टिस नावाच्या शार्कची ही ओळख, तिकडचे लोक त्याला स्नॅगलटूथ म्हणतात. नखाने कड घासली तर अजून खरखर लागते. एक कोटी वर्षांपूर्वीची वस्तू बोट कापू शकते, हे मला व्हेनिसच्या शेकडो दातांनी दाखवलं नव्हतं.

मोठ्ठ्या दाताची शक्यताही इथेच आहे. २०२२ च्या नाताळच्या सकाळी एका नऊ वर्षांच्या मुलीला इथल्या पाण्यात पाच इंची मेगॅलोडॉन सापडला होता. ती बातमी वाचून सुटलेले माझ्यासारखे कितीजण नुसते पाय भिजवून आले, त्याची बातमी होत नाही. मुलं हिरमुसली तर जवळच सॉलोमन्सला कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम आहे. तिथला मेगॅलोडॉनचा ३५ फुटी सांगाडा पाहून आमच्याकडचा रुसवा मिटला होता.

तर माझं मत. दहाच्या आतली मुलं किंवा सत्तरीतले आई-वडील असतील आणि फ्लोरिडाला तुमचं काही ना काही निमित्ताने जाणं होणारच असेल, तर ऑरलँडोतला एक दिवस कापा आणि व्हेनिसला द्या. फक्त दातांसाठी मात्र तिकीट काढू नका. दोनशे मैलांच्या आत राहत असाल, एकटे किंवा जोडीने जाणार असाल आणि थंडीत तासन्‌तास मान खाली घालून चालायची तयारी असेल, तर कॅल्व्हर्ट. मला स्वतःला विचाराल तर मी पुन्हा कॅल्व्हर्टलाच जाईन. आई व्हेनिसला. ती आता बदलापूरहून फोनवर विचारते, “अरे, माझी चाळण जपून ठेवलीयेस ना?”

आणि यातलं काहीच जमत नसेल तर न्यू जर्सीत कोल्ट्स नेकजवळ बिग ब्रूक नावाचा ओढा आहे. किनारा नाही, गुडघाभर पाणी आणि चिखल, माणशी दिवसाला पाचच जीवाश्म न्यायचे असा नियम, चाळणही अठरा इंचांपेक्षा मोठी चालत नाही. पण तिथले दात सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे, सह्याद्रीचा कातळ ओतला जाण्याच्याही आधीचे. बाबांना त्या पाचांतला एक दिला होता. तो त्यांनी देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी ठेवलाय.