पॉवर बँकेत वाळू: तयार ‘पूर किट’ घेण्याआधी हे वाचा

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरलं. त्यानंतर पावसाळ्याआधी घरात थोडं सामान जमवून ठेवावं असं नागपुरात अनेकांना वाटतं, आणि ते रास्तच आहे. पण या भीतीचा धंदा करणारेही आहेत.

एका लेआऊटमधल्या अकरा घरांनी घेतलेल्या किटची ही हकिगत. आत पॉवर बँक, इमर्जन्सी लाइट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि जुलाबावरची ओआरएसची पाकिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, ‘4,500 चा माल 1,499 ला’. पैसे विक्रेत्याच्या खासगी यूपीआयवर गेले, बिल मिळालं नाही. पिशवी सीलबंद होती आणि वर छापलं होतं: ‘गरज पडेल तेव्हाच उघडा, सील तुटल्यास वॉरंटी नाही.’ सगळी फसवणूक या एका ओळीवर उभी होती. असं सामान वर्षभर कुणी वापरत नाही. खोटं उघडं पडतं ते वीज गेलेल्या रात्री, आणि तोवर विक्रेत्याचा नंबर बंद झालेला असतो. इथे दोन पिशव्या लगेच उघडल्या म्हणून कळलं.

पॉवर बँकेवर 20,000 एमएएच (वीज साठवायची क्षमता) लिहिलेलं. हातात चांगली जड लागत होती. पूर्ण चार्ज करून 10 टक्क्यांवरच्या फोनला लावली, फोन 24 वर गेला आणि बँक विझली. झाकण काढलं तर आत सहा दंडगोल सेल ओळीने चिकटवलेले, पण तारा फक्त एकाच सेलला डाखलेल्या. बाकीचे पाच नुसत्या पत्र्याच्या नळ्या. एकीचं टोक कापलं तशी बारीक पांढरी वाळू टेबलावर सांडली. वजन भरावं म्हणून घातलेली!

म्हणून वजनावर पूर्ण विसंबू नका. खरी 20,000 ची बँक साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. फारच हलकी असेल तर खोटी हे नक्की, पण जड असली म्हणजे खरी असं नाही. हिशोब असा: आतले सेल 3.7 व्होल्टचे आणि बाहेर मिळतात 5 व्होल्ट, त्यामुळे खऱ्या बँकेतूनही हाती साधारण 12 ते 13 हजार एमएएचच येतात. 5,000 एमएएच बॅटरीच्या फोनला अडीच-तीन वेळा पुरतात. सुट्या 18650 सेलवर (हे दंडगोल सेलच्या एका आकाराचं नाव) 9,900 एमएएच छापलेलं दिसलं तर तो हातातही घेऊ नका, त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मजल जाते. बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका आणि कंपनीचं व ब्रँडचं नाव जुळतं का ते बघा, कारण दुसऱ्याचा नंबर छापणारेही आहेत.

इमर्जन्सी लाइट बावीस मिनिटांत मंदावला. आत 4 व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी होती, म्हणजे वस्तू खोटी नाही, मेलेली. अशी बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं, मग कितीही चार्ज करा, ती भरत नाही. गोदामात दोन पावसाळे काढलेला माल असाच स्वस्तात बाहेर पडतो. लाइट कुठूनही घ्या, पहिल्याच दिवशी रात्रभर चार्ज करून विझेपर्यंत जाळा, किती तास चालला ते त्याच्या पाठीवर लिहा आणि लगेच पुन्हा चार्ज करा. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी चार्जिंग. पैसे कमी असतील तर सरळ पेन्सिल सेलचा एलईडी टॉर्च घ्या. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर गळून टॉर्च खातात.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्या साध्या झिप पिशवीत सुट्या होत्या. ना मुदत, ना किती लिटरला एक ते. विरघळवून अर्धा तास थांबल्यावर क्लोरीनचा वासही आला नाही. गोळ्या मेडिकलमधूनच घ्या, फॉइलबंद आणि मुदत छापलेल्या. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, चार पदरी कापडातून गाळा, मग गोळी टाकून अर्धा तास थांबा. नुसत्या तुरटीने जंतू मरत नाहीत.

सगळ्यात राग येतो तो ‘ओआरएस’च्या पाकिटांचा. आत निघाली संत्र्याच्या चवीची साखर. पुरानंतर जुलाब लागलेल्या लेकराला नुसतं गोड पाणी पाजलं तर जुलाब वाढतात. खऱ्या पाकिटावर 20.5 ग्रॅम आणि ‘एक लिटर पाण्यात’ असं लिहिलेलं असतं, घटकांत सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, सोडियम सायट्रेट आणि ग्लुकोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. सरकारी आरोग्य केंद्रात पाकिटं फुकट मिळतात, तिथे आधी विचारा.

सामान सुटंही जमवता येतं, फक्त एका दिवसात नाही. आधी पाणी: माणशी रोज चार लिटर धरा, चौघांना तीन दिवसांचे 48. म्हणजे झाकणाच्या 20 लिटरच्या तीन कॅन. रंगाचे किंवा केमिकलचे धुतलेले डबे स्वस्त मिळतात, ते पिण्याच्या पाण्याला कधीच नाही. मग टॉर्च, ओआरएस, गोळ्या. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ दर महिन्याच्या किराण्यात थोडं जास्त घ्या आणि जुनं खाऊन संपवा. पॉवर बँक सगळ्यात शेवटी, दुकानातून, पक्क्या बिलावर.

किट घेऊन बसला असाल तर आज सील तोडा. पाकिटांवर उत्पादकाचा पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष नसेल तर फोटो काढा, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आणि सामान टिनाखालच्या माळ्यावर टाकू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, तिथे इतकं तापतं की चांगली बॅटरीही लवकर खराब होते. तळमजल्यावर राहत असाल तर खालच्या खोलीतच, पण खिडकीच्या उंचीच्या वर फळी ठोका.