इन्यूमआयटम: लांब लेबलांच्या यादीला शिस्त लावणारं पॅकेज

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतली मूळ डिस्क्रिप्शन यादी, म्हणजे प्रत्येक नोंदीआधी ठळक लेबल असलेली यादी, लेबलं छोटी असतात तोवरच नीट दिसते. आर्टिकल या लेखाच्या साच्यात (क्लासमध्ये), एकस्तंभी मांडणीत, तिचा डावा समास २.५ एम असतो (एम हे अक्षराच्या आकारावर ठरणारं माप). पहिल्या ओळीतला मजकूर मात्र लेबल संपेल तिथून सुरू होतो आणि बाकीच्या ओळी २.५ एमवरच राहतात. प्रत्येक नोंद वेगळ्या जागी सुरू झालेली, नजर कुठे ठरत नाही. हावियेर बेझोस यांचं इन्यूमआयटम हे लाटेकला जोडायचं पॅकेज हे दुखणं मुळापासून काढतं.

सगळा हिशोब एका समीकरणात आहे: लेफ्टमार्जिन (डावा समास) + आयटमइंडेंट (पहिल्या ओळीचं जादा अंतर) = लेबलइंडेंट (लेबलाआधीची जागा) + लेबलविड्थ (लेबलाची रुंदी) + लेबलसेप (लेबल आणि मजकूर यांतलं अंतर). ज्या पदासमोर उद्गारचिन्ह द्याल, ते पॅकेज स्वतः काढतं. लेबलं आखूड असतील तर ‘लेफ्टमार्जिन=!’ द्यावं आणि लेबलविड्थमध्ये सर्वांत लांब लेबल विड्थऑफ या रुंदी मोजणाऱ्या आज्ञेने मोजावं. त्यासाठी कॅल्क पॅकेज हवं. मोजताना बीएफसिरीज, म्हणजे अक्षरं ठळक करणारी आज्ञा, हमखास राहून जाते. लेबल छापलं जातं ठळक, मोजलं जातं साधं. मग नेमकी त्याच नोंदीची पहिली ओळ किंचित उजवीकडे सरकते आणि चूक कुठे आहे ते चटकन लक्षात येत नाही.

लेबलं लहानमोठी असतील तर ‘स्टाइल=नेक्स्टलाइन’ आणि ठरावीक समास, समजा ३ एम, याला तोड नाही. समासात मावणारं लेबल मजकुराच्याच ओळीत राहतं, न मावणारं स्वतःची ओळ घेतं. मल्टिलाइन ही दुसरी स्टाइल मात्र जपून वापरावी. ती लेबल समासातच मोडून दोन-तीन ओळींत बसवते, पण त्याची उंची धरत नाही. मजकूर एकाच ओळीचा असेल तर लेबलाचा उरलेला भाग पुढच्या लेबलावर चढतो.

लेबलानंतर लगेच आतली यादी उघडली तर तिची पहिली नोंद लेबलाच्याच ओळीत येते. मध्ये एचफिल, म्हणजे ओळीत उरलेली जागा भरणारी आज्ञा, टाकली की ती नोंद खाली जाते. लेबलातच चौकोनी कंस असेल तर संपूर्ण लेबल महिरपी कंसात घालावं, नाहीतर लाटेक पहिल्याच बंद कंसाशी लेबल संपवतं.

सगळ्या याद्यांसाठी एकच मांडणी हवी असेल तर प्रिॲम्बलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या सूचनांच्या भागात, सेटलिस्ट ही आज्ञा पुरते. बीमरच्या, म्हणजे लाटेकमधून सादरीकरणासाठी बनवलेल्या, स्लाइडमध्ये हे पॅकेज घेऊ नये. बीमरची स्वतःची यादीव्यवस्था त्याने बिघडते आणि बुलेट गायब होतात.