स्किपिंग शिकायला कोणतं बेटकास्टर रीळ घ्यावं? ब्रेकवरून ठरवा

जेटीच्या फळ्यांखाली किंवा पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांच्या सावलीत बास मासा दडून बसतो. वरून कमान करून टाकलेला ल्युअर, म्हणजे नकली आमिष, तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून तो आडव्या हाताने, पाण्याला अगदी चिकटून फेकायचा आणि टप्पे घेत आत सरकू द्यायचा. हे स्किपिंग. चपटा दगड पाण्यावर उडवता येणाऱ्याला यातलं अर्धं आधीच येत असतं. उरलेलं अर्धं रिळावर अवलंबून आहे, आणि बेटकास्टर घ्यायला निघालेले बहुतेक जण नेमकं तेच न बघता बेअरिंग मोजत बसतात.

स्पिनिंग रिळाचा स्पूल, म्हणजे लाइन (गळाची दोरी) गुंडाळलेली फिरकी, फेकताना जागचा हलत नाही. लाइन त्याच्यावरून वेटोळ्यांनी सुटते, ल्युअर थांबला की तीही थांबते. बेटकास्टरचा स्पूल स्वतः फिरतो. ल्युअर पाण्यावर आपटताच त्याचा वेग एका झटक्यात पडतो, पण स्पूल आपल्याच तंद्रीत फिरत राहतो. लाइन बाहेर जायला जागा नसते, मग ती स्पूलवरच फुगते आणि गुंता होतो. साध्या फेकीत ल्युअर पाण्यावर एकदाच पडतो आणि तोवर स्पूल बराच मंदावलेला असतो. स्किपिंगमध्ये फेक छोटी असते, त्यामुळे पहिला टप्पा पडतो तेव्हा स्पूल जवळपास पूर्ण वेगात असतो. पुढचा प्रत्येक टप्पा म्हणजे आणखी एक झटका.

यावर सरळ उपाय म्हणून ब्रेक घट्ट करून ठेवला तर वेगळीच अडचण येते. टप्पे पडायला वेग लागतो. ब्रेक जास्त झाला की लाइन ल्युअरला मागे खेचते, त्याचं तोंड वर उचलतं आणि तो पहिल्याच टप्प्यात डुबकी मारतो. म्हणजे सुरुवातीला वेग जाऊ देणारा, पण टप्प्याच्या क्षणी स्पूल धरून ठेवणारा ब्रेक हवा. पुढची सगळी तुलना या एकाच कसोटीवर केली आहे.

सेंट्रिफ्युगल ब्रेक

स्पूलबरोबर फिरणारे छोटे ठोकळे बाहेर फेकले जातात आणि एका कड्यावर घासतात. शिमानोच्या क्युराडो के मधली एसव्हीएस इन्फिनिटी ही याच जातीची. ब्रेकचा जोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट, वेग निम्मा झाला की जोर पावपट.

स्किपिंगसाठी हे रीळ वाईट, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या टप्प्याला स्पूल जोरात फिरत असतो, त्यामुळे ब्रेकही जोरातच असतो. खरी गडबड दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला होते. तोवर वेग उतरलेला असतो, ब्रेक जवळजवळ गायब झालेला असतो आणि काम अंगठ्यावर येऊन पडतं. अंगठा तयार असेल तर हे रीळ फार मोकळं चालतं, ल्युअर खोलवर जातो. नवशिक्याचा अंगठा तयार नसतो, इतकंच.

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी बघाच. काही स्वस्त सेंट्रिफ्युगल रिळांत ब्रेक बदलायला बाजूचं झाकण उघडून आतले ठोकळे एकेक करून पुढे-मागे ढकलावे लागतात. शिकताना ब्रेक सारखा बदलावा लागतो. ओल्या हातांनी होडीत उभं राहून झाकण उघडायचं म्हटलं की माणूस कंटाळतो आणि चुकीच्या ब्रेकवरच रेटत राहतो. बाहेरून फिरवायची चकती हवीच.

साधा मॅग्नेटिक ब्रेक

इथे घर्षण नाही. स्पूलचा ॲल्युमिनियमचा भाग चुंबकांसमोरून फिरतो, त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. जोर वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणून स्पूल मंदावला तरी थोडा ब्रेक टिकून राहतो. शेवटच्या टप्प्यांना याचा फायदा होतो. तोटा असा की फेकीच्या अखेरपर्यंत हा ब्रेक काही सोडत नाही आणि लांब फेकीला रीळ आळशी वाटतं. आबू गार्सियाच्या मॅगट्रॅक्ससारख्या ब्रेकची रिळं तुलनेने स्वस्त असतात, चकती बाहेरच असते. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर हा पर्याय प्रामाणिक आहे.

चुंबक आणि ठोकळे दोन्ही असलेली रिळंही मिळतात. लूजच्या काही रिळांत बाहेर चुंबकाची चकती आणि आत चार ठोकळे असतात. जमवायला शिकलात तर उत्तम. पण नवशिक्याला दोन ब्रेक आणि तिसरा स्पूलचा ताण (स्पूल किती मोकळा फिरेल ते ठरवणारी कळ) असे तीन कान पिळायला दिले की गुंता नेमका कशामुळे झाला तेच त्याला कळत नाही.

सरकता इंडक्टर: दाइवाची एसव्ही रिळं

टॅट्युला एसव्ही टीडब्ल्यू हे यातलं प्रसिद्ध नाव. स्पूलच्या टोकाला इंडक्टर नावाची धातूची पातळ वाटी असते. स्पूल जोरात फिरला की ती स्प्रिंगविरुद्ध सरकून चुंबकांच्या क्षेत्रात आत जाते. वेग उतरला की परत मागे येते. म्हणजे चुंबकाचा शांतपणा आहेच, शिवाय गरज असेल तेव्हाच त्याला जोर चढतो. पुढे आलेल्या एसव्ही बूस्टमध्ये वाटी दोन टप्प्यांत मागे सरकते, त्यामुळे फेकीच्या उत्तरार्धात लाइन जास्त मोकळी सुटते. स्पूलही हलका असतो. हलका स्पूल पटकन वेग घेतो आणि पटकन थांबतो, आणि स्किपिंगला दोन्ही लागतं.

वर मांडलेल्या कसोटीला सगळ्यात जवळचं हेच. पहिल्या टप्प्याला अंगठा थोडा उशिरा पडला तरी लाइन फक्त सैल होते, घट्ट गाठ बसत नाही. जड ल्युअर खूप लांब फेकायचा झाला तर सेंट्रिफ्युगल रीळ पुढे जातं, पण जेटीखाली त्या लांबीचं काय करायचं?

याचा दोष वेगळाच आहे. हे रीळ इतक्या चुका पोटात घालतं की अंगठा सुस्तावतो. वर्षभर यावर खेळून दुसऱ्याचं रीळ हातात घेतलंत की पहिल्याच फेकीत वस्तुस्थिती कळते. म्हणून जमायला लागलं की चकती दर काही दिवसांनी एकेक घर खाली आणायची.

डीसी: आत संगणक असलेलं रीळ

शिमानोने कॅल्कटा कॉन्क्वेस्ट डीसी 2003 मध्ये आणलं. पुढे 2018 मध्ये क्युराडो डीसी आलं आणि हे तंत्र बऱ्याच जणांच्या आवाक्यात आलं. यात बॅटरी नसते. फिरणारा स्पूलच वीज तयार करतो, छोटी चिप सेकंदाला हजार वेळा वेग मोजते आणि त्याप्रमाणे ब्रेक लावते. फेकताना येणारी ती बारीक शिट्टी काहींना फार आवडते, काहींना पहिल्या तासातच नकोशी होते.

डोक्यावरून वाऱ्याविरुद्ध मारलेल्या लांब फेकीत डीसी कमाल करतं. स्किपिंगमध्ये मात्र त्याची जादू तेवढी दिसत नाही. लहान फेकीत चिपला काम करायला वेळ थोडा मिळतो, स्पूल हळू फिरतो तेव्हा वीजही थोडीच तयार होते, आणि पाण्यावरचा झटका कोणत्या क्षणी बसणार हे चिपला आधी कळायचा प्रश्नच नाही. सर्वात वरच्या ब्रेकवर ते नवशिक्याला नक्कीच सांभाळून घेतं, पण फक्त स्किपिंगसाठी एवढे जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. शिवाय बिघाड इलेक्ट्रॉनिक भागात असला तर घरी खोलून काही होत नाही.

रीळ कोणतंही घ्या, लाइन कमी भरा

या विषयावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि फरक सगळ्यात जास्त पडतो. 0.35 मिलिमीटर जाडीची फ्लुरोकार्बन लाइन 100 मीटर घेतली तर तिचं वजन साधारण 17 ग्रॅम होतं. तेवढ्याच नायलॉनचं 11 ग्रॅमच्या आसपास. आजच्या कितीतरी हलक्या स्पूलचं स्वतःचं वजनही याहून जास्त नसतं. म्हणजे हलक्या स्पूलसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर लाइन काठोकाठ भरून ते वाया घालवायचे, असा प्रकार होतो. त्यात ही लाइन स्पूलच्या बाहेरच्या बाजूला असते, जिथलं वजन थांबवायला सर्वात अवघड. जेटीखाली ल्युअर जेमतेम दहा-पंधरा मीटर जातो. 40-50 मीटर लाइन पुरे, खाली जुन्या लाइनचे थोडे वेढे द्या.

शिकताना आणखी एक युक्ती: नेहमीच्या फेकीपेक्षा थोडी जास्त लाइन बाहेर काढा, स्पूलवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि वर उरलेली लाइन गुंडाळा. गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. सुरुवातीला नायलॉन बरी. फ्लुरोकार्बन ताठ असल्याने उसळते, आणि वेणीची लाइन झटका बसला की खालच्या वेढ्यांत रुतते.

रिळाच्या बाकीच्या गोष्टींवर जास्त वेळ घालवू नका. गिअर 7:1 च्या आसपास असला, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात, की झालं. मासा खांबांमध्ये असतो, सैल लाइन पटकन ओढता यायला हवी. गोल रिळाऐवजी बुटकं रीळ घ्या, अंगठा स्पूलवर नीट बसतो. खास हलक्या ल्युअरसाठी येणारी 28-30 मिलिमीटर स्पूलची रिळं मोहात पाडतात, पण त्यांच्यावर बारीक लाइन चढते आणि खांबाला वळसा घातलेल्या माशापुढे ती टिकत नाही.

मग घ्यायचं कोणतं?

एकच रीळ घ्यायचं आहे आणि स्किपिंग हाच मुख्य उद्देश आहे, तर एसव्ही जातीचं. खिसा तेवढा ताणत नसेल तर बाहेर चकती असलेलं साधं मॅग्नेटिक. घरात चांगलं सेंट्रिफ्युगल पडून असेल तर नवीन काहीच घेऊ नका. लाइन निम्मी करा, चकती वरच्या घरावर ठेवा आणि अंगठ्याला कामाला लावा. मोकळ्या, वाऱ्याच्या पाण्यात लांब फेकणं हेच तुमचं रोजचं काम आणि स्किपिंग अधूनमधून, तर डीसी शोभेल.

आणि ज्याने आडवी फेक कधी केलेलीच नाही, त्याने आधी स्पिनिंगवर कोन पक्का करावा. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2004 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की दगड पाण्याशी सुमारे 20 अंशांचा कोन करून आदळला तर टप्पे सर्वात चांगले पडतात. ल्युअर दगडासारखा स्वतःभोवती गरगरत नाही आणि त्याला मागे लाइन बांधलेली असते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण चपट्या पोटाचा, 10 ते 14 ग्रॅमचा ल्युअर, बुडाचा भाग खाली ठेवून, रॉडचं टोक पाण्याजवळ आणून फेकायचा, हे त्यातून बरोबर कळतं. पोकळ रबरी बेडूक सर्वात सोपा; पाण्यावर तरंगणारा असल्याने तो डुबकी मारतच नाही.

हँडल कोणत्या बाजूचं घ्यायचं हे मात्र दुकानातच ठरवा, नंतर बदलता येत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हँडलचं रीळ घेतलं तर फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. जेटीखालचा मासा ल्युअर स्थिरावायच्या आतच तोंड घालतो, तेव्हा हात बदलायला वेळ नसतो.