लेझरवाली काठी, अण्णांच्या पार्किन्सनसाठी : सात महिने वापरल्यावर

गणपती झाल्यावर मागवलेली, आता सात महिने होत आले, म्हणून सविस्तर लिहितोय. विकत घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं तेव्हा मराठीत कुणाचाच अनुभव सापडला नाही, सगळीकडे नुसते पाच स्टार आणि 'गुड प्रॉडक्ट'.

आधी पेशंटबद्दल. अण्णा 71 वर्षांचे, पार्किन्सन (कंपवात) सापडून सहा वर्षं झाली. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर चाळीस वर्षं काढली, आधी चादरी मग टॉवेल. थरथर त्यांना फार नाही, उजव्या हाताला थोडी. खरा त्रास पाय चिकटण्याचा. चालता चालता एकदम थांबतात, वरचं अंग पुढं जातं आणि पाय जमिनीलाच, आणि हे जास्त करून दारात, वळताना, किंवा कुणी मधेच हाक मारली की होतं. "पाय चिकटायलाय रे" म्हणायचे आणि आम्ही हात धरून ओढायचो. हे अजिबात करू नका, दोनदा पडले ते आमच्या ओढण्यामुळंच.

आणि एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. अण्णा जिना बिनधास्त चढायचे, गच्चीपर्यंत, आणि खाली आल्यावर हॉलच्या दारात पाच मिनिटं अडकायचे. आम्हाला वाटायचं मनावर घेत नाहीत, मी स्वतः ओरडलोय त्यांच्यावर. तसंच मागच्या जुन्या खोलीत शहाबादी फरशी आहे तिथं बरे चालायचे आणि पुढं नवीन चकचकीत टाईल्स घातल्या तिथं अडकायचे. नंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. आपण चालताना पुढचं पाऊल टाक असं स्वतःला सांगत नाही, ते आपोआप होतं, आणि ते आपोआपचं काम मेंदूच्या ज्या भागाकडं आहे त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं, पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जातात. पण डोळ्यासमोर ओलांडायला काहीतरी दिसलं, पायरी, रेघ, फरशीचा सांधा, की मेंदू तेच पाऊल दुसऱ्या वाटेनं, बघून आणि ठरवून टाकतो. म्हणजे जिन्यावर प्रत्येक पायरी त्यांना सांगत होती की पाय उचल, आणि चकचकीत टाईल काहीच सांगत नव्हती. हे कळल्यावर मी त्या रात्री झोपलो नाही.

तर काठी म्हणजे हेच. खाली टेकवून जोर दिला की पावलासमोर आडवी लाल रेघ पडते, ती ओलांडायची, काठी उचलली की रेघ बंद. साडेचार हजाराला पडली. दोन पेन्सिल सेल लागतात, साधारण तीन आठवडे जातात.

घरात संध्याकाळी आणि रात्री उत्तम. खरंच उत्तम. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठावं लागतं आणि अंधारात तर पाय जास्तच चिकटतात, तिथं ह्या रेघेनं फार फरक पडला, आईला आता प्रत्येक वेळी उठावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना जमेना, रेघेकडं बघायचं की काठीकडं ह्यात गोंधळ व्हायचा, मग मॅडमनी घरी येऊन चार दिवस सराव घेतला तेव्हा बसलं. नुसतं हातात देऊन होत नाही.

बाहेर मात्र जवळपास शून्य. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये, सकाळी साडेनऊलाच रेघ दिसत नाही. सावलीत थोडी दिसते. घेणारच असाल तर हिरव्या रेघेची घ्या, आपल्या डोळ्याला तेवढ्याच पॉवरचा हिरवा उजेड लाल पेक्षा बराच जास्त दिसतो, मला हे आधी कुणी सांगितलं नाही आणि विकणाऱ्यानं परतही घेतली नाही. दुसरं म्हणजे बटण दाबून चालू होणारी घेऊ नका, बोटं कडक झालेली असतात, नेमकं पाहिजे तेव्हा दाबता येत नाही. घरात लहान पोरं असतील तर लेझर डोळ्यात जाणार नाही हे बघा, माझी भाची काठी उलटी करून बघत होती.

आणि ही काठी तोल सांभाळत नाही हे लक्षात ठेवा. अण्णांचा तोल कधीकधी मागं जातो, तेव्हा कुठलीच काठी कामाची नाही, जवळ माणूसच पाहिजे. आधी चार पायांचा उचलायचा वॉकर आणलेला, तो उचला-ठेवा करण्यात ते आणखीनच अडकायचे. तुमच्या पेशंटला काय चालेल ते फिजिओला विचारूनच घ्या.

आता गोळ्यांचं, कारण त्याशिवाय काठीचं खरं कळणार नाही. लेव्होडोपा-कार्बिडोपा चालू आहे, सकाळी 7, 11, दुपारी 3, संध्याकाळी 7. ह्यातला लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतो आणि कार्बिडोपा त्याला वाटेतच संपू देत नाही, मळमळ पण त्यामुळं कमी होते. लेव्होडोपा 1960 च्या दशकापासूनचं औषध आहे आणि अजून त्याच्याइतकं दुसरं काही नाही असं डॉक्टर म्हणतात. पण त्याचा असर थोड्या तासांचा. गोळी चढलेली असली की काठी नसली तरी चालतात, गोळी उतरली की काठी असूनही कठीण. सुरुवातीचे दोन महिने मी काठीलाच नावं ठेवत होतो, नंतर वहीत वेळा लिहायला लागलो तर दिसलं की वाईट वेळ नेहमी अडीच ते साडेतीन, आणि दुपारच्या जेवणात वरण आणि वाटीभर दही. प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत जातात, गर्दी झाली की गोळी मागं राहते. आता गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि दही रात्री. शेंगाचटणी पण दुपारची बंद केली, भाकरीबरोबर त्यांचा जीव होता तो, पण त्यांनीच ऐकलं. गोळी स्वतःच्या मनानं बंद कधीच करू नका, एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकतं.

शेजारच्या एका काकांनी खाजकुहिलीच्या बियांची पावडर आणून दिली, कंपवातावर रामबाण म्हणून. त्यांच्या मनात काळजीच होती, आणि खाजकुहिलीत लेव्होडोपा असतो हे खरंच आहे, पण म्हणूनच गोळीबरोबर ती घेतली तर एकूण किती पोटात गेलं ह्याचा हिशोब राहत नाही. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, आम्ही दिली नाही.

काठीपेक्षा जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर चिकटपट्टीचा. हॉलपासून बाथरूमपर्यंत टाईल्सवर दीड-दीड फुटावर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या, दाराच्या उंबऱ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक. खर्च दीडशे रुपये. वळायचं तिथं पट्ट्या पंख्याच्या पात्यांसारख्या तिरक्या लावल्या म्हणजे जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घेतात. दिवसा ह्याच कामाला येतात.

आणि ठोका. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखे टिक-टिक ठोके देणारं, फुकट ॲप आहे, मॅडमनी त्यांचा चालायचा वेग मोजून मिनिटाला 92 वर लावून दिला. ठोका ऐकला तरी रेघेसारखंच काम होतं, पाय त्याच्याबरोबर पडतो. पहिल्या दिवशी ऐकून अण्णा म्हणाले, "हा माग लई हळू चाललाय." चाळीस वर्षं धोट्याच्या खटक-खटकमध्ये उभा राहिलेला माणूस. आता सकाळी अंगणात फोन खिशात ठेवून वीस मिनिटं चालतात, त्यावेळी कुणी बोलायचं नाही असं घरात ठरवलंय, कारण बोलायला लागले की पाऊल सुटतं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक बघायचीच म्हणाले. मी काठी घेऊन गेलो, गर्दीत रेघ लोकांच्या पायावर पडायची, काही उपयोग नाही, रस्त्याच्या कडेलाच ते अडकून उभे. तेवढ्यात हलग्या जवळ आल्या. मी काही बोललो नाही, हात पण धरला नाही, नुसता शेजारी उभा होतो, आणि हलगीच्या ठोक्यावर त्यांनी पाऊल उचललं, मग दुसरं, मग सलग पंधरा-वीस पावलं, "हर्र बोला हर्र" म्हणत. आई रडायला लागली.

तर परत घेईन का? रात्रीसाठी हो, हिरवी. पण आधी पट्ट्या लावून आठ दिवस बघा, गोळ्यांच्या वेळा वहीत लिहा, मग पैसे घाला. पट्ट्या घेताना खरखरीत, न घसरणारी टेप घ्या, गुळगुळीत टेप ओली झाली की पाय सरकतो. बाथरूमच्या कोपऱ्यातली पट्टी पाण्यानं महिन्याभरात सुटते, तिचं टोक वर आलं की त्यातच पाय अडकेल म्हणून मी दर रविवारी हात फिरवून बघतो, दोन रोल कपाटात कायम ठेवलेत.