नशेत कामावर आलेला कामगार: सुपरवायझरांचं एक दिवसाचं ट्रेनिंग

पाचपैकी चार स्टार. चाकणला आमच्या प्रेस शॉपच्या (पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागाच्या) सगळ्या शिफ्ट सुपरवायझरांना कंपनीने या ट्रेनिंगला बसवलं. सकाळचं कायद्याचं सत्र ठीकठाक. खरा माल दुपारच्या रोल-प्लेमध्ये आहे.

ट्रेनर ऑपरेटर झाले. जीभ अडखळतेय, शर्ट घामाने भिजलेला, विचारलं की अंगावर येतायत. आमच्यातले दोघे लगेच म्हणाले, "टाकून आलाय, गेटबाहेर काढा." मग ट्रेनरनी चिठ्ठी उलटी केली: मधुमेही, इन्सुलिन घेतलं, जेवला नाही, साखर उतरलीय. अशा माणसाला गेटबाहेर काढलं तर तो रस्त्यावर कोसळेल. म्हणून आधी ओएचसी, म्हणजे कंपनीचा दवाखाना, बाकी सगळं नंतर.

रिपोर्ट कसा लिहायचा, यावर त्यांनी भरपूर वेळ दिला आणि ते फार बरं केलं. 'दारू प्यायला होता' असं लिहायचं नाही. 'रात्री 10.20, पंच करताना दोनदा तोल गेला, तोंडाला उग्र वास, एकच प्रश्न तीनदा विचारावा लागला' असं लिहायचं आणि दुसऱ्या माणसाची सही घ्यायची. कंपनीच्या आवारात नशेत असणं मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्सप्रमाणे (कामगारांसाठीचे सरकारी नमुना नियम) गैरवर्तनच आहे, पण खातेनिहाय चौकशीत आपला अंदाज टिकत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं टिकतं.

ब्रेथ अ‍ॅनालायझरबद्दलही स्पष्ट बोलले. माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर पंधरा मिनिटं थांबून फुंकायला लावा. गांजा किंवा झोपेच्या गोळ्या त्यात येत नाहीत, म्हणजे शून्य आलं तरी माणूस मशीनवर उभा राहण्याच्या स्थितीत असेलच असं नाही. लिंबूपाणी, कॉफी पाजून दारू लवकर उतरत नाही. आणि "जा घरी, उद्या ये" म्हणून त्याच्याच बाइकवर त्याला सोडणं पूर्ण बंद. घरच्यांना फोन करा किंवा कंपनीची गाडी द्या. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे ट्रेनिंग प्रत्येक प्लांटमध्ये व्हायला हवं.

रोज पिणाऱ्याला "आजपासून सोड" असा दम देऊ नका, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरांकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय.

एक स्टार कापला तो कंत्राटी मुलांसाठी. माझ्या लाइनवर निम्मी मुलं ठेकेदाराची. त्यांचं काय करायचं विचारलं, तर "ठेकेदाराला कळवा" एवढंच उत्तर मिळालं. रात्री दोन वाजता ठेकेदार फोन उचलत नाही आणि प्रेसखाली हात त्या मुलाचाही जातो. स्लाइड्सही सगळ्या इंग्रजीत होत्या. बुकिंग करताना मराठी बॅच मागा आणि कंत्राटी कामगारांवर वेगळा तास आधीच ठरवून घ्या.