ब्रायर पाइपचे आठ महिने: मुरवणे, एक चीर आणि तिची डागडुजी

गेल्या नोव्हेंबरात मी ब्रायर लाकडाचा नवा पाइप घेतला. आज जुलैच्या मध्यावर, आठ महिने नियमित वापरल्यानंतर, त्याविषयी लिहीत आहे, कारण या काळात तो पाइप एकदा हातचा जातो की काय अशी वेळ आली होती आणि त्या वेळी मला हवी असलेली माहिती मराठीत कुठेच सापडली नव्हती. पाइप सरळ दांड्याचा आहे आणि त्याच्या लाकडावर गुळगुळीत पॉलिश आहे. तोंडात धरायची नळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची आहे. तंबाखू भरायच्या पोकळीला मी पुढे सरळ वाटी म्हणतो. ती १९ मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर खोल असून तिची भिंत सुमारे ९ मिलिमीटर जाड आहे. वाटीला आतून कोणताही लेप नव्हता, उघडे लाकूड होते. मी मुद्दाम तसाच पाइप निवडला होता, कारण लेपाखाली लाकडातला दोष झाकला जाऊ शकतो.

याआधी दोन वर्षे मी मक्याच्या कणसाचा पाइप वापरत होतो. तो स्वस्त असतो, पहिल्या दिवसापासून चांगला चालतो आणि खराब झाला की बदलता येतो. ब्रायरचे तसे नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या बुडाशी जमिनीत जी गाठ तयार होते, ती कापून, कित्येक तास उकळून आणि नंतर महिनोन् महिने सुकवून हे लाकूड तयार करतात. फ्रान्समधील सेंट क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे पाइप बनत आले आहेत. हे लाकूड उष्णता चांगली सोसते, तरीही ते शेवटी लाकूडच आहे. त्याला खरे संरक्षण मिळते ते वाटीच्या आत हळूहळू जमणाऱ्या काजळीच्या थराचे, आणि तो थर जमेपर्यंतच्या काळाला मी पाइप मुरवणे म्हणतो.

मुरवण्याची माझी पद्धत साधी होती. पहिल्या आठ वेळा वाटी एक तृतीयांश भरली, पुढच्या आठ वेळा अर्धी आणि त्यानंतर पूर्ण. प्रत्येक वेळी तंबाखू बुडापर्यंत जळू दिली, कारण थर सर्वांत उशिरा धरतो तो बुडाशी, आणि अर्धवट जळलेली ओली तंबाखू तिथे राहिली तर तो धरतच नाही. वाटीला आतून मध लावण्याचा सल्लाही अनेकजण देतात. मी तो मानला नाही, फक्त पहिल्या दोन वेळा ओल्या बोटाने आतली भिंत किंचित दमट केली. तंबाखू बर्ली जातीची निवडली, कारण तिच्यात साखर कमी असते आणि तिचा थर कोरडा, टणक बसतो. गोड वासाच्या मिश्रणांची वाफ जास्त होते आणि त्यांचा थर चिकट राहतो, असा माझा अनुभव आहे. भरण्याआधी तंबाखू अर्धा तास कागदावर पसरून ठेवत असे. चिमटीत दाबल्यावर तिचा गोळा होऊ नये आणि चुराही होऊ नये, एवढाच ओलावा मला योग्य वाटतो.

चूक झाली ती डिसेंबरच्या अखेरीस, महाबळेश्वरला. थर अजून कागदाइतकाच पातळ होता आणि मी उघड्या कड्यावर, जोरदार वाऱ्यात, पूर्ण भरलेला पाइप ओढत बसलो होतो. असा वारा लोहाराच्या भात्यासारखे काम करतो. निखारा एका बाजूने भडकतो, दुसऱ्या बाजूने विझतो, मग माणूस पुन्हा काडी लावतो आणि भराभर झुरके घेतो. वाटी हातात धरवेना इतकी तापली होती, तेव्हाच मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. दोन दिवसांनी तंबाखूच्या चवीत जळक्या लाकडाचा कडवट, उग्र वास मिसळलेला जाणवला आणि वाटीत विजेरी धरून पाहिल्यावर धुराच्या छिद्राच्या वरच्या बाजूला सुमारे आठ मिलिमीटर लांबीची एक उभी चीर दिसली.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण मला तो समजायला आठवडा लागला. काजळीच्या थरात पडणारी जाळीसारखी बारीक भेग आणि लाकडात पडलेली चीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर सुकताना आणि तापताना तडकतो, पण त्याने लाकडाला काही होत नाही. म्हणून मी त्या जागेवरचा थर बोथट पात्याने हलकेच खरवडला. खाली लाकूड होते, आणि चीर त्यातही होती. मग कडेचे लाकूड दातकोरणीने टोकरून पाहिले. कोळसा झालेले लाकूड मऊ लागते आणि काळ्या भुकटीसारखे निघते, निरोगी लाकूड कडक लागते. माझ्या पाइपमध्ये चिरेच्या कडेची जेमतेम एक मिलिमीटर खोलीची पट्टी मऊ होती. बाहेरचे लाकूड त्या जागी काळवंडले नव्हते आणि वाटी गालाला लावून पाहिल्यावर तेवढाच भाग अधिक गरम लागत नव्हता. बाहेरून डाग पडून वाढत असता, तर पाइप जळून आरपार जात आहे असे समजून मी तो कायमचा बाजूला ठेवला असता.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा असे नुकसान वापरणाऱ्याच्याच चुकीने होते असे उत्तर आले आणि विषय संपला. माझ्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे होते. पण लाकडात आतून खड्डा किंवा नाजूक जागा असेल, तर काळजीपूर्वक वापरलेला पाइपही जळतो, आणि अशा वेळी सरसकट तेच उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते. चीर आढळल्यास पहिल्याच दिवशी, काहीही न खरवडता, छायाचित्रे काढून ठेवावीत असे मी आग्रहाने सांगेन.

डागडुजी घरीच केली. मऊ झालेले लाकूड पूर्ण निघेपर्यंत खरवडले, सिगारची पांढरी राख थेंब थेंब पाण्यात कालवून तिचा घट्ट लगदा केला आणि तो काडीने चिरेत दाबून बसवला. त्याआधी धुराच्या छिद्रात पाइप साफ करायची तार घालून ठेवली होती, नाहीतर लगद्याने छिद्रच बुजले असते. पाइप चार दिवस सावलीत सुकू दिला. त्यानंतर मुरवण्याचा क्रम पुन्हा पहिल्यापासून केला, आणि या वेळी फक्त घरात, वाऱ्याबाहेर. फेब्रुवारीअखेर लगद्यावर नवा थर धरला. आजही ती जागा बोटाला किंचित उंच लागते, पण चीर वाढलेली नाही आणि कडवट वास परतलेला नाही.

पुण्याच्या पावसाळ्याने वेगळीच अडचण आणली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दांड्याचे लाकूड दमट हवेने फुगले आणि नळी इतकी घट्ट बसली की पिळताना दांडा तडकेल अशी भीती वाटली. पाइप पूर्ण थंड होऊ दिला, नळी सावकाश फिरवत काढली आणि तिच्या खुंटीवर, म्हणजे दांड्यात शिरणाऱ्या टोकावर, मऊ पेन्सिलचे शिसे घासले, तेव्हा ती पुन्हा सहज बसू लागली. गरम असताना नळी कधीही काढू नये, कारण दांडा तडकण्याचे ते फार मोठे कारण आहे. खिडकीतल्या उन्हाने एबोनाइटवर आलेली हिरवट तपकिरी छटा बारीक ओल्या पॉलिश कागदाने निघाली, मात्र त्यात एक संध्याकाळ गेली. आता पाइप कपाटात ठेवतो आणि एकदा ओढल्यानंतर त्याला किमान एक दिवस विश्रांती देतो.

तंबाखू पाइपमधून ओढली म्हणून निरुपद्रवी होत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे आणि तो जाणूनच मी आठवड्यातून तीनदा एवढी मर्यादा ठेवली आहे. पाइपपुरते बोलायचे, तर त्याचे लाकूड आणि छिद्राचे काम मला उत्तम वाटते, नळी दातांत धरायला आरामशीर आहे आणि मी तोच पाइप पुन्हा घेईन. सध्या थर एक मिलिमीटरच्या आसपास आहे. तो दीड मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर तापल्यावर फुगून वाटीलाच तडा देऊ शकतो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विजेरी घेऊन तो पाहतो आणि वाढलेला भाग खरवडून काढतो.