पोलंडमधल्या दफनभूमी: एकच दुपार हातात असेल तर कुठली?

पोलंडला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत क्राकुफचा वावेल किल्ला असतो, विएलिच्काची मिठाची खाण असते, आउशविट्झ असतं. दफनभूमी सहसा नसते. मग तिथे पोचल्यावर कुणीतरी सहकारी सांगतो, "वॉर्साची पोवोंझ्की दफनभूमी बघितल्याशिवाय जाऊ नकोस," आणि शेवटच्या दिवशी विमानाच्या आधीचे तीन तास तिथे घालायचे की नाही याचा खल सुरू होतो. तो खल आधीच घरी उरकावा म्हणून हे लिहितोय.

माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. वॉर्सात असाल आणि एकच दुपार असेल, तर ओकोपोवा रस्त्यावरची ज्यू दफनभूमी. १ नोव्हेंबरला, म्हणजे थडग्यांवर दिवे लावायच्या सर्व संतांच्या सणाला असाल, तर डोळे मिटून पोवोंझ्की. क्राकुफमध्ये असाल तर गणित वेगळं, ते पुढे.

पहिल्या खेपेला मी ओकोपोवाला गेलो तो शनिवारी. शनिवारी ज्यू दफनभूमी बंद असते हे आदल्या रात्री सुचायला हवं होतं. फाटकाला कुलूप, वरून भुरभुर पाऊस. म्हणून भिंतीच्या कडेकडेने चालत सुटलो आणि पोवोंझ्कीच्या फाटकाशी येऊन पोचलो. तेव्हा कळलं, दोन्ही एकमेकींना खेटून आहेत, मध्ये फक्त भिंत. एकीकडे कॅथलिक वॉर्सा, दुसरीकडे ज्यू वॉर्सा. त्यामुळे या दोघींची तुलना कागदावर करायची गरज पडत नाही, पायांनीच होते.

पोवोंझ्की १७९० मध्ये सुरू झाली. आज तिचा पसारा ४३ हेक्टर, म्हणजे शंभर एकरांहून जास्त, आणि आजवर दहा लाखांवर माणसं इथे पुरली असतील असा अंदाज आहे. पण आकड्यांपेक्षा इथली वर्दळ लक्षात राहते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर आजीबाई गुडघ्याखाली पिशवी ठेवून बसलेल्या दिसतील, हातात ताठ केसांचा ब्रश, शेजारी पाण्याची बादली. थडग्याचा दगड आपण दिवाळीआधी ओटा घासतो तसा घासून काढतात. मग शेवंतीच्या कुंड्या, आणि काचेच्या नळकांड्यात जळणारे दिवे. त्यांना झ्निच म्हणतात. झाकण असतं, त्यामुळे वाऱ्यापावसातही रात्रभर टिकतात.

नावांच्या मागे लागणाऱ्यांसाठी पोवोंझ्कीत मोप माल आहे. नोबेल मिळवलेला कादंबरीकार व्वादिस्वाव रेमाँट, संगीतकार मोन्यूश्को, गायक चेस्वाव निएमेन. शोपँ स्वतः पॅरिसला आहे, त्याचं हृदय वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या एका खांबात आहे. त्याचे आईवडील मात्र इथे. सगळी नावं शोधत बसू नका, दमाल. दोन थडगी पुरे. एक लेखक बोलेस्वाव प्रुसचं: उभ्या दगडाला एक लहान मूल बिलगलंय, आणि शब्द दोनच, "सेर्त्से सेर्त्स", हृदयांचं हृदय. दुसरं दिग्दर्शक क्षिश्तोफ किएश्लोव्स्कीचं: खांबावर दोन दगडी हात, अंगठे आणि तर्जन्या जोडून केलेली चौकट, शॉट लावताना दिग्दर्शक धरतो तशी. त्या चौकटीतून पलीकडे पाहिलं की मागची झाडं सिनेमातली वाटायला लागतात. मी तिथे उगाच पंधरा मिनिटं काढली.

जुनी थडगी इतकी सुस्थितीत कशी, याचं उत्तर बरंचसं येझी वाल्डोर्फ या संगीत समीक्षकाकडे जातं. त्याने १९७४ मध्ये जीर्णोद्धारासाठी समिती उभी केली. तेव्हापासून सर्व संतांच्या सणाला नामवंत नट-नट्या हातात डबे घेऊन फाटकाशी उभ्या राहतात आणि वर्गणी गोळा करतात. टीव्हीवरचा चेहरा थंडीत कुडकुडत तुमच्यासमोर डबा हलवतोय म्हटल्यावर खिशात हात जातोच. वाल्डोर्फ १९९९ मध्ये वारला, तोही इथेच आहे.

आता भिंतीपलीकडे. ओकोपोवा १८०६ ची, सुमारे ३३ हेक्टर, थडगी दोन लाखांच्या वर. फाटकातून शंभर पावलं आत गेलात की तुम्ही जंगलात असता. मॅपलची झाडं थडग्यांच्या मधून, कधी थडग्यांना उचलून वर आलेली, दगड एकमेकांवर कलंडलेले, सगळ्यावर वेलींची गादी. हे वैराण सौंदर्य कुणी मुद्दाम राखलेलं नाही. १९३९ मध्ये वॉर्सात सुमारे साडेतीन लाख ज्यू राहत होते, शहराचा जवळपास तिसरा हिस्सा. दगड घासायला येणारी घरंच्या घरं त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत संपली. पलीकडे आजीबाई ब्रश घेऊन बसलीय आणि इकडे दगडावर झाड उगवलंय, यातला फरक एवढाच आहे, आणि तो त्या एका भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसतो म्हणून मी ओकोपोवाला वरचं माप देतो.

हिब्रू वाचता येत नसेल तरी बिघडत नाही, दगड चित्रांत बोलतात. दोन पंजे आशीर्वादासाठी पसरलेले असतील तर तो कोहेन, पुरोहित कुळातला. पाण्याची झारी असेल तर लेवी. पुस्तकांची रांग म्हणजे विद्वान. शमादान असेल तर सहसा बाईचं थडगं, कारण शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे घरची बाई लावते. मोडलेली मेणबत्ती किंवा तुटकं झाड दिसलं की समजायचं, माणूस अकाली गेला. एवढी पाच चिन्हं ध्यानात ठेवली तर दोन तास कुठे गेले कळत नाही.

एस्पेरांतो भाषा घडवणारा डोळ्यांचा डॉक्टर झामेनहोफ इथे आहे. यिडिश लेखक पेरेत्स आहे. आदाम चेर्न्याकुफही आहे: नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, म्हणजे घेट्टोच्या, ज्यू मंडळाचा प्रमुख, त्रेब्लिंकाकडे गाड्या सुटायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, २३ जुलै १९४२ ला, त्याने विष घेतलं. घेट्टोच्या १९४३ च्या उठावातला म्होरक्या मारेक एडेलमान चेर्न्याकुफनंतर सदुसष्ट वर्षं जगला आणि २००९ मध्ये इथे आला. या दोघांना एकाच आवारात पाहणं जड जातं. त्याहून जड जातो तो झाडं नसलेला मोकळा भाग. तिथे घेट्टोत उपासमारीने आणि टायफसने मेलेल्यांना एकत्र पुरलंय. नावं नाहीत.

गैरसोयी सांगतो. ओकोपोवाला तिकीट आहे, किरकोळ, पोवोंझ्की फुकट. शनिवारी बंद, शुक्रवारीही दुपारनंतर भरवसा धरू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं, साधी लोकरी टोपी चालते. पायाखाली मुळं आणि चिखल. गुडघे कुरकुरत असतील किंवा बाबागाडी सोबत असेल तर मुकाट्याने पोवोंझ्कीचे सरळ रस्ते धरा. थडग्यावर फुलं नव्हे, छोटा खडा ठेवायची पद्धत.

पोवोंझ्की म्हणून टॅक्सीवाल्याला सांगितलंत तर तो लष्करी पोवोंझ्कीला नेऊन सोडेल, असंही होऊ शकतं. ती थोडी उत्तरेला, वेगळी जागा. १९४४ च्या वॉर्सा उठावात पडलेल्या पोरांचे बर्च लाकडाचे क्रूस तिथे ओळीने आहेत, आणि 'वोंच्का' नावाचा एक तुकडा आहे, जिथे स्टालिनच्या काळात मारलेल्यांना गुपचूप पुरलं होतं. २०१२ पासून तिथे उत्खनन झालं. इतिहासाची ओढ असेल तर जरूर. नुसतं फिरायचं असेल तर नको.

क्राकुफमध्ये सामना राकोवित्स्की आणि जुनी ज्यू दफनभूमी रेमू यांच्यात. राकोवित्स्कीत पहिलं दफन १८०३ मध्ये झालं; ऑस्ट्रियाच्या राजवटीने गावात पुरायला बंदी केल्यामुळे ही जागा निघाली. मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरावीस मिनिटं. चित्रकार मातेयको, कवयित्री शिंबोर्स्का, पोप दुसरे जॉन पॉल यांचे आईवडील, आणि नाटककार तादेउश कांतोर, ज्याच्या थडग्यावर शाळेच्या बाकावर बसलेला मुलगा आहे. छान आहे, पण पोवोंझ्की पाहिली असेल तर पुन्हा तोच अनुभव थोड्या लहान आकारात.

रेमू अर्ध्या तासात होते. काझिमिएश वस्तीत, जेवायला जाल तिथेच, सोळाव्या शतकातली, १८०० मध्ये बंद केलेली. युद्धानंतर इथे खणल्यावर मातीखालून शेकडो जुने दगड निघाले, ते पुन्हा उभे केले. जे तुकडेच उरले होते, ते रस्त्यालगतच्या भिंतीत चिणले आहेत: अर्धा सिंह, एक हात, तीन अक्षरं. ज्यू धर्मपंडित मोझेस इसेर्लेस १५७२ मध्ये वारले, त्यांचं थडगं युद्धातही तगलं. त्यावर चिठ्ठ्या ठेवायला लोक लांबून येतात. क्राकुफसाठी माझं मत रेमूला. अपवाद एकच, १ नोव्हेंबरची संध्याकाळ. तेव्हा राकोवित्स्कीच्या बाहेर मिओदेक तुरेत्स्की नावाची कडक, सुकामेवा घातलेली मिठाई विकतात, तशी वॉर्साला कागदात गुंडाळलेली पान्स्का स्कुर्का. दातांची काळजी घ्या.

झाकोपानेला जाणारच असाल तर पेंक्सोवी ब्झिझेक चुकवू नका. फक्त तेवढ्यासाठी शंभर किलोमीटर जाऊ नका. लाकडी चर्चशेजारची छोटी टेकाडावरची जागा, कोरीव लाकडी खुणा, गिर्यारोहक आणि कलावंत. इथली गोष्ट वित्कात्सीची. हा चित्रकार-नाटककार सप्टेंबर १९३९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या एका खेड्यात आत्महत्या करून गेला. १९८८ मध्ये त्याच्या अस्थी वाजतगाजत आणून आईच्या थडग्यात ठेवल्या. १९९४ मध्ये उकरून तपासलं तर हाडं एका तरुण बाईची निघाली. विक्षिप्तपणाबद्दल ख्याती असलेल्या माणसाला यापेक्षा शोभणारं काही सुचलं नसतं.

वूच (Łódź) शहरातली ज्यू दफनभूमी, तिथली कापडगिरणीवाल्या पोझ्नान्स्कीची घुमटदार कबर, हे कापडगिरण्यांच्या शहरातून आलेल्यांना खास वाटेल. सोलापूरकरांनो, तुमच्यासाठी.

वेळेचं म्हणाल तर १ नोव्हेंबरला वॉर्सात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिव्यांसाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही. त्या दिवशी दुकानं बंद, पण दफनभूमींकडे खास जादा बसगाड्या सोडतात. गर्दी आषाढीसारखी, आवाज मात्र जवळपास नाही.

कोल्हापूरकरांनी वॉर्सात आणखी एक थांबा घ्यावा. क्रासिन्स्की बागेजवळ, माँटे कासिनो स्मारकाशेजारी कोल्हापूरच्या नावाची शिला आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका-मुलं, त्यांची ती आठवण. त्यातले सगळे परत गेले नाहीत. व्हिसा नाकारला गेलाच, तर पोलिश थडगी कोल्हापुरातही आहेत. झ्निच मिळणार नाही, पणती चालेल.